मुळशीची नदी आणि सेनापती बापट

विशेष प्रतिनिधी

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांना पावसाने कधी हात आखडता घेतलेला नाही. वैतरणा, पिंजाळ आणि वाघ या नद्या इथल्याच डोंगरदऱ्यांतून वाहतात. तरीही उन्हाळा लागला, की इथल्या अनेक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते आणि बायकांना हंडे घेऊन दूरवरचे झरे गाठावे लागतात. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे २०१२ मध्ये पूर्ण झालेले मध्य वैतरणा धरण शंभर मीटरहून अधिक उंच आहे. मुंबईला दररोज ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी पुरवण्यासाठी ते बांधले गेले. त्याच नदीवर खालच्या अंगाला १९५७ पासून मोडकसागर आणि वरच्या अंगाला १९७३ पासून ऊर्ध्व वैतरणा आहे. दमणगंगेची उपनदी असलेल्या वाघ नदीवर जव्हार तालुक्यातील खारगीहिल येथे धरण बांधावे आणि दमणगंगा खोऱ्यातील पाणी पिंजाळमार्गे मुंबईला न्यावे, अशीही योजना आहे. राष्ट्रीय जलविकास अभिकरणाने तिचा सविस्तर प्रकल्प अहवाल २०१४ मध्ये तयार केला.

नदी कोणाची, तिच्या काठच्या माणसांची की दूरच्या शहराची, आणि खुद्द नदीला काही हक्क आहे की नाही, हे प्रश्न या दोन तालुक्यांत म्हणूनच पुस्तकी राहिलेले नाहीत. महाराष्ट्रात यातील पहिला प्रश्न सर्वप्रथम उभा राहिला तो पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्यात, शंभर वर्षांपूर्वी. त्यासाठी ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे तुरुंगात घालवली, त्या पांडुरंग महादेव बापट यांना महाराष्ट्र सेनापती बापट म्हणून ओळखतो. मुंबईत आणि पुण्यात त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. त्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या किती जणांना ही सेनापती पदवी एका धरणाविरुद्धच्या लढ्यातून मिळाली हे ठाऊक असेल, याची शंका वाटते.

पारनेर ते पॅरिस

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची स्थिती बेताची, पण मुलगा बुद्धीने तल्लख. शिष्यवृत्त्यांच्या बळावर त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली आणि १९०४ मध्ये मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला रवाना झाले. एडिंबरोला त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू केले. पुढे ज्याने धरण अडवले, तो माणूस मुळात यंत्रशास्त्राचा विद्यार्थी होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यंत्रांविषयीच्या अज्ञानातून किंवा भयातून त्यांचा विरोध जन्मला नव्हता.

विलायतेत त्यांचा संबंध श्यामजी कृष्णवर्मा यांच्या इंडिया हाऊसशी आला. ब्रिटिश राजवटीवर जाहीर टीका करणारे भाषण त्यांना भोवले आणि शिष्यवृत्ती बंद झाली. तेथून ते पॅरिसला गेले, रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवण्याची विद्या त्यांनी मिळवली आणि १९०८ मध्ये ते हिंदुस्थानात परतले. याच वर्षी अलीपूर कटाचा खटला उभा राहिला. त्यात त्यांचे नाव आल्याने त्यांना भूमिगत व्हावे लागले. १९१२ मध्ये त्यांना अटक झाली. परंतु तो खटला त्यांच्यावर उभा राहू शकला नाही आणि १९१५ पर्यंत ते मोकळे झाले.

सुटकेनंतरच्या बापटांची आणखी एक ओळख पारनेरकरांना झाली. पहाटे उठून हाती झाडू घ्यायचा आणि गावचे रस्ते स्वच्छ करायचे, हा त्यांचा नित्यनेम होता. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या, विलायतेत शिकलेल्या माणसाने हे काम करावे, याचे त्या काळच्या समाजाला मोठे नवल वाटे. लोकमान्य टिळकांच्या मराठा या इंग्रजी पत्रातही त्यांनी काही काळ काम केले. असा हा चाळिशीचा, संसारी, परंतु संसारात न रमलेला माणूस १९२१ मध्ये मुळशीच्या लढ्याशी जोडला गेला आणि त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली.

मावळची भातखाचरे आणि मुंबईच्या गिरण्या

मुळशी हा सह्याद्रीच्या माथ्यालगतचा मावळ प्रदेश. नीला आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यात भाताची सुपीक खाचरे होती. टाटा समूहाने लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून १९१५ पासून खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू केली होती आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली होती. मुळशीची योजना त्याच मालिकेतील पुढची होती. त्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. नीला आणि मुळेच्या संगमाजवळ धरण बांधायचे, पूर्वेकडे पुण्याच्या दिशेने वाहणारे पाणी अडवायचे, डोंगर पोखरून ते पश्चिमेला वळवायचे आणि कोकणात भिरा येथे शेकडो मीटर खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी ती कल्पना होती. मुळेचे पाणी एरवी भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळे. आता ते कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळणार होते. नदीने हजारो वर्षे धरलेली वाट माणसाने उलटी फिरवण्याचा तो बेत होता.

या योजनेच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ होते, हे नाकारता येत नाही. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुराने काळवंडल्या होत्या. दूरच्या खाणींतून येणारा कोळसा महाग पडे. देशी भांडवलावर उभ्या राहिलेल्या विद्युत कंपनीकडे अनेक राष्ट्रवादी सुशिक्षित स्वाभिमानाने पाहत असत. आपल्याच माणसांच्या उद्योगाला विरोध करणे म्हणजे स्वदेशीलाच विरोध करणे, असे वाटणाऱ्यांची संख्या पुण्यामुंबईत थोडी नव्हती. परंतु या हिशेबात पन्नासच्या आसपास गावे आणि तेथील हजारो मावळे कोठेच धरलेले नव्हते. जमीन पाहणीसाठी माणसे शेतात शिरली आणि चर खणू लागली, तेव्हा कुठे आपली गावे पाण्याखाली जाणार असल्याचे अनेकांना कळले.

कायद्याने विचारला तो फक्त भाव

मुळशीच्या कथेचे मर्म तिच्या कायदेशीर बाजूत आहे. सरकारच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा होता. या कायद्याच्या सातव्या भागात खासगी कंपन्यांसाठी जमीन संपादन करण्याची स्वतंत्र तरतूद होती. काम लोकोपयोगी आहे अशी सरकारची खात्री पटली आणि कंपनीने सरकारशी करार केला, की शेतकऱ्याची जमीन घेता येत असे. मोबदल्याची रक्कम कमी वाटल्यास मालकाला न्यायालयात दाद मागता येई. मात्र जमीन मुळात घ्यावी की नाही, याविषयी हरकत नोंदवण्याचा आणि ती ऐकून घेतली जाण्याचा हक्क कायद्यात नव्हताच. हरकती ऐकण्याची तरतूद करणारे ५-अ हे कलम या कायद्यात १९२३ च्या दुरुस्तीने आले. तोवर मुळशीच्या लढ्याला दोन वर्षे उलटली होती.

याचा अर्थ असा, की मुळशीच्या मावळ्याला कायद्याने एकच प्रश्न विचारला. जमिनीचा भाव काय? ज्याचे नाव सातबाराच्या उताऱ्यावर, त्यालाच हा प्रश्न विचारला गेला. कुळाने कसलेले शेत, गुरे चारायचे माळ, नदीतले मासे, काठावरचे देऊळ, स्मशान, पाणवठा, यांना बाजारभाव नव्हता. म्हणून त्यांची नोंदही झाली नाही. नदीचे काय होईल, हा प्रश्न तर कोणाच्याही अधिकारात बसत नव्हता.

या कायद्याने खोऱ्यात आणखी एक फूट पाडली. मुळशीतील बरीच जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेली होती. सावकाराच्या दृष्टीने जमीन म्हणजे रक्कम. चांगला मोबदला मिळाला तर त्याचे काहीच बिघडत नव्हते. मावळ्याला मात्र जमीनच हवी होती. सत्याग्रहाच्या व्यासपीठावर हे दोन्ही गट काही काळ एकत्र दिसले, तरी त्यांची वाट एक नव्हती.

रामनवमीचा सत्याग्रह

विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून लोकांना जागे केले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी जमले आणि त्यांनी काम थांबवले. त्याच महिन्यात महात्मा गांधींनी यंग इंडियातून टाटांना आवाहन करून या गरिबांच्या बाजूने शब्द टाकला. कंपनीने काम काही महिने थांबवले. तेवढ्या अवधीत सरकारने संपादनाची प्रक्रिया पुढे रेटली आणि वर्ष संपता संपता काम पुन्हा सुरू झाले.

यानंतरच्या खडतर काळात लढ्याचे नेतृत्व बापटांकडे आले. सत्याग्रही कामाच्या जागी बसत, मार खात, पकडले जात आणि सुटले की परत येत. स्त्रियाही तुरुंगात गेल्या. शिवरामपंत परांजपे यांच्यासारख्या नामवंत संपादकानेही या लढ्यापायी कारावास पत्करला. बापटांना एकामागून एक शिक्षा झाल्या. याच दिवसांत लोक त्यांना सेनापती म्हणू लागले आणि ते नाव कायमचे चिकटले.

दरम्यान एकेक खातेदार मोबदला उचलू लागला. भिंत उंच होत होती. पुण्यातील पाठिंबा ओसरला. ज्यांच्यासाठी लढायचे, तेच थकून निघून जात असल्याचे पाहणे बापटांच्या वाट्याला आले. अखेर डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या साथीदारांसह शस्त्रे घेऊन कंपनीची आगगाडी अडवली. अहिंसेची चौकट त्यांनी उघडपणे ओलांडली होती आणि त्याची किंमत मोजण्याची त्यांची तयारी होती. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते १९३१ मध्ये सुटले, तेव्हा मुळशीचे धरण उभे राहिले होते आणि १९२७ पासून भिरा येथील वीज मुंबईला मिळत होती.

या अखेरच्या कृतीचे समर्थन करण्याची गरज नाही. मात्र तिच्याकडे पाहताना एक गोष्ट विसरता येत नाही. हरकत ऐकणारा अधिकारी नव्हता, योजनेची छाननी करणारे न्यायपीठ नव्हते, पुनर्वसनाचा कायदा नव्हता. कायद्याचे एकूण एक दार बंद असताना बापटांनी रूळ गाठले.

मूर्तीला मिळाले, नदीला नाही

बापट तुरुंगात असतानाच, १९२५ मध्ये, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कोलकात्याच्या एका खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. मलिक कुटुंबात कुलदैवताच्या पूजेवरून आणि मूर्ती कोठे ठेवावी यावरून वाद होता. न्यायपीठाने मूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले आणि तिचे हित मांडण्यासाठी वादात गुंतलेले नसेल असे कोणी तरी नेमले जावे, असा निर्णय दिला. म्हणजे जी स्वतः बोलू शकत नाही, तिच्या वतीने न्यायालयात कोणी उभे राहू शकते, हे तत्त्व हिंदुस्थानच्या कायद्यात तेव्हाच मान्य झाले होते. मुळशीच्या नदीबाबत कोणाला हे सुचले नाही. स्वतः बापटांनीही तसा युक्तिवाद केल्याचे दिसत नाही. त्यांचा लढा माणसांच्या जमिनीचा होता आणि त्यांना आजच्या अर्थाने निसर्गहक्काचे पुरस्कर्ते ठरवणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. परंतु मोबदल्याने प्रश्न मिटत नाही, पैशात मोजता न येणारे काही तरी या खोऱ्यात आहे, हा त्यांचा आग्रह होता. निसर्गाचे हक्क मागणारे आज ज्या ठिकाणी उभे आहेत, तेथे जाणारी वाट याच आग्रहातून निघते.

अथक उत्तरायुष्य

सुटल्यानंतरही बापट स्वस्थ बसले नाहीत. भाषणांपायी त्यांना पुन्हा तुरुंगवास घडला आणि १९३७ मध्ये त्यांची सुटका झाली. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी फॉरवर्ड ब्लॉक स्थापन केला, तेव्हा महाराष्ट्रातील शाखेची धुरा त्यांच्याकडे आली. निजामाच्या राज्यातील नागरी हक्कांच्या सत्याग्रहात ते उतरले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. मे १९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी नानासाहेब गोरे यांच्यासमवेत त्यांनी सत्याग्रहींच्या तुकडीचे नेतृत्व केले, त्या वेळी त्यांचे वय ७४ वर्षांचे होते. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी मुंबईत निघालेल्या मोर्चाच्या अग्रभागीही ते होते. या धामधुमीत त्यांनी श्री अरविंदांच्या दिव्य जीवन या ग्रंथाचा मराठी अनुवादही केला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. १९७७ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले.

त्यांच्या हयातीत मुळशीच्या विस्थापितांसाठी पुनर्वसनाचा कायदा झाला नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६ चा आहे, म्हणजे बापटांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी आणि मुळशीचे धरण पूर्ण झाल्यावर जवळपास अर्ध्या शतकाने झालेला.

कायदा बदलला, किती बदलला

१८९४ चा कायदा अखेर रद्द झाला आणि त्याच्या जागी आलेला २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती त्यात आवश्यक ठरली. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती घ्यावी, असेही त्यात म्हटले आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा येथे लागू आहे आणि जमीन संपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करणे त्यानुसार बंधनकारक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याही पुढचे पाऊल टाकले. त्याच्या पाचव्या कलमानुसार पाणलोट क्षेत्र, जलस्रोत आणि पर्यावरणदृष्ट्या नाजूक भाग यांचे रक्षण करण्याचा अधिकार वनहक्कधारकांना आणि ग्रामसभेला मिळाला. नदीचे पालकत्व काठच्या माणसांकडे सोपवण्याच्या इतक्या जवळ आपला कायदा एरवी क्वचितच आलेला आहे.

जगात काही देशांनी हे पालकत्व थेट कायद्यात लिहिले. इक्वाडोरने २००८ च्या राज्यघटनेत निसर्गाला हक्क दिले आणि रस्त्याच्या कामाचा राडारोडा विल्काबांबा नदीत टाकल्याच्या प्रकरणी २०११ मध्ये तेथील न्यायालयाने नदीच्या बाजूने निकाल दिला. न्यूझीलंडच्या संसदेने मार्च २०१७ मध्ये वांगानुई नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला आणि तिच्या वतीने बोलण्यासाठी दोन पालक ठरवले. एक शासनाचा, एक माओरी समाजाचा. त्याच महिन्यात, २० मार्च २०१७ रोजी, उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना व्यक्ती मानले. देवमूर्तीला कायद्याने व्यक्ती मानण्याच्या परंपरेचाच आधार त्या निकालाने घेतला होता. परंतु नदीच्या पुराने नुकसान झाल्यास भरपाई कोणी द्यायची, अनेक राज्यांतून वाहणाऱ्या नदीचा पालक एका राज्याचा अधिकारी कसा होणार, असे प्रश्न घेऊन राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०१७ मध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली.

ही स्थगिती पुष्कळ काही शिकवणारी आहे. नदीला व्यक्ती म्हणणे सोपे. तिच्या वतीने कोण बोलणार, हे ठरवणे कठीण. न्यूझीलंडने तो मान नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजाला दिला. उत्तराखंडच्या निकालात तो प्रामुख्याने सरकारी अधिकाऱ्यांकडे गेला होता. धरणे बांधणारे आणि नदीची बाजू मांडणारे हात एकच असतील, तर नदीचा हक्क कागदावरच राहण्याचा धोका उघड आहे.

बापटांच्या मुळशीला आज पाहिले, तर तलाव शांत आहे आणि त्याच्या काठी सहलीला जाणाऱ्यांची गर्दी असते. खालच्या अंगाला वाढलेल्या पुण्याला पाणी अपुरे पडू लागल्याने मुळशीचे पाणी पुन्हा पूर्वेकडे द्यावे, ही मागणी गेल्या काही वर्षांत वारंवार पुढे आली आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या नदीची वाट वळवताना तिच्या खालच्या खोऱ्याचा विचार करण्याची कोणाला गरज वाटली नाही, तिचा विचार आता शहरावर टंचाई आल्यावर होत आहे.

जव्हारमध्ये वाघ नदीवरचे धरण प्रत्यक्षात आणायचे ठरले, तर तेथील ग्रामसभांपुढे ठराव येतील. मुळशीच्या मावळ्याला जे मिळाले नव्हते, ते संमती किंवा नकार नोंदवण्याचे व्यासपीठ वारली, कोकणा, कातकरी आणि ठाकूर समाजाच्या या गावांना कायद्याने दिलेले आहे. त्या ठरावात जमिनीच्या भावाखेरीज झऱ्यांची, पाणलोटाची आणि नदीच्या वाहत्या पाण्याची नोंद होते की नाही आणि तिला वजन मिळते की नाही, यावर त्या कायद्याची परीक्षा होईल. मोखाड्यातून मुंबईला जाणाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या शहराचेही या परीक्षेकडे लक्ष असायला हवे. मुळशीची वीज वापरताना ते नव्हते.